तीन महिन्यांचा अबोला

माझा आवाज गेला तेव्हा घरातल्या चार माणसांपैकी एकालाही तो गेल्याचं कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, थोरलीनं अबोला धरलाय.

सुरुवात भांडणानं झाली हे खरं आहे, ते मी लपवत नाही. एका रविवारी नवऱ्याच्या मामाकडची माणसं आली होती. मी आत चुलीशी, पुरुष बाहेरच्या खोलीत. कोणीतरी विचारलं, वहिनी अजून कारखान्यात जातात का? नवरा म्हणाला, "जाते की. पण तिथं हिला काय काम? माग आपोआप चालतो. ही नुसती उभी असते."

एकोणीस वर्षं मी एका वेळी चार माग सांभाळते. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की भरलेली घालायची, सूत तुटलं की माग थांबवून गाठ मारायची, तोवर मागचा थांबलेला असतो, त्याच्याकडे पळायचं. आठ तासांत बूड टेकत नाही. आणि हा माणूस, ज्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही, पाहुण्यांसमोर सांगतो की ही नुसती उभी असते. मी हातातली पळी घेऊनच बाहेर गेले. म्हणाले, "मग उद्या तुम्ही या उभं राहायला. धोटा उडून कपाळात बसला की कळेल, आपोआप काय काय चालतं ते." हे मी बोलले नाही, ओरडले. एकोणीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या बाईला हळू बोलता येत नाही, आणि त्या दिवशी तर मला बोलायचंही नव्हतं हळू.

पाहुणे चहा न पिता गेले. नवरा एवढंच म्हणाला, "तोंड आवर."

दुसऱ्या दिवशी उठले तर आवाज घोगरा. मला वाटलं, काल ओरडले त्याचा प्रताप. ओरडून बसलेला आवाज चार दिवसांत उठतो, हे कोण जाणत नाही? चार दिवस गेले, आठ गेले. घोगरा होता तो बारीक झाला, बारीक होता त्याची नुसती हवा झाली. तोंड उघडलं की फुसफुस बाहेर येई, फाटक्या भात्यासारखी. एक वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागे. पाणी प्यायले की ठसका लागे.

मी सगळ्यांना सांगितलं, आवाज बसलाय. पण कसं सांगितलं? कुजबुजून. आणि आमच्या घरात भांडणानंतर कुजबुजणारी बाई म्हणजे नाटकी बाई. जाऊ म्हणाली, "वहिनी, आता पुरे करा ना. भाऊजींचा चेहरा बघवत नाही." पाण्याचा ठसका लागला तर ती दिराला म्हणाली, "बघा, पाणी पितानासुद्धा." म्हणून मी नवऱ्याला वहीच्या पानावर लिहून दिलं: 'मला खरंच बोलता येत नाही.' त्यानं ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "म्हणजे आता चिठ्ठ्या. एका छपराखाली राहून चिठ्ठ्या. शाब्बास." चूक माझीच. अबोला धरणारी बाई करते काय? चिठ्ठ्याच लिहिते. मी माझ्याच हातानं पुरावा करून दिला.

सासूबाईंचं मात्र कौतुक करायला हवं, त्या खोटं बोलल्या नाहीत. एका सकाळी भाजी निवडताना म्हणाल्या, "काहीही म्हणा, घर कसं शांत झालंय."

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. रविवारी तिचा फोन येतो. मी बोलले की ती म्हणे, "आई? आई, ऐकू येत नाहीये. नुसती खरखर येतेय." मग ती बाबांच्या फोनवर लावी आणि त्यांच्याशी बोले. मी तिला टाइप करून कळवलं की आवाज बसलाय. तिचं उत्तर आलं: 'गरम पाणी पी. आणि तुझ्या फोनचा माईक गेलाय, मी नवा पाठवते.' आठवड्यात नवा फोन आला. चांगला आहे, फोटो फार छान येतात.

महिन्याभरानं नवरा मला डॉक्टरकडे घेऊन गेला. आपणहून नेलं, हेही मी सांगते, नाहीतर म्हणाल ही एकाच बाजूनं बोलते. डॉक्टर आमच्या घरचाच, म्हणजे नवऱ्याचा शाळेतला दोस्त. दवाखान्यात दोन खुर्च्या होत्या. एकीवर डॉक्टर, एकीवर नवरा. मी तपासायच्या बाकड्यावर.

"कधीपासून?" डॉक्टरनं विचारलं.

"त्या रविवारपासून," नवरा म्हणाला. "मामांची माणसं आली होती ना, सांगितलं होतं तुला. तेव्हा जे भडकली, ते तेव्हापासून तोंड बंद."

"वहिनी, आ करा." मी आ केला. त्यानं टॉर्च मारली, जीभ दाबली. "घसा तर स्वच्छ आहे. काय रे, एवढं काय बोललास?"

दोघं हसले. मी हाताच्या खुणेनं गळ्याकडे दाखवलं, डाव्या बाजूला, खाली, जिथं गिळताना काहीतरी अडल्यासारखं वाटे. डॉक्टर म्हणाला, "होतं असं. राग गिळला की तिथंच अडतो." आणि त्यानं मन शांत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. घशाला नाही. मनाला.

त्या गोळ्यांनी मला मागासमोर उभ्या उभ्या झोप येऊ लागली. एकदा ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, तुटका धागा दिसलाच नाही, हातभर लांब रेघेसारखी फट घेऊन कापड तसंच विणलं गेलं. आमच्या शेडच्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करतो आणि आमच्यावर नजरही ठेवतो त्या माणसानं, कापड माझ्या नाकासमोर धरलं आणि भुवया उडवल्या. मी मान खाली घातली. तो गेला. एक शब्दही नाही.

कारण आमच्या शेडमध्ये शब्द नसतोच. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही. छत्तीस माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. आम्ही ओठ वाचतो. कोणाच्या घरी काय झालं, कोणाची मुलगी पळाली, कोणाचा नवरा सुधारला आणि परत बिघडला, सगळं ओठांवरून. वीस फुटांवरून थट्टा चालते. आणि वर्षानुवर्षं तिथं राहून आमचे कान अर्धे गेलेले आहेत. त्यामुळे जिथं मी दिवसाचे आठ तास बोलत होते, हसत होते, शिव्या देत होते, तिथं माझ्या आवाजाचा मागमूस उरलेला नाही हे अडीच महिने कोणालाही कळलं नाही. सगळे मला व्यवस्थित समजून घेत होते.

शेजारच्या चार मागांवर जी बाई आहे तिला सगळे भोंगा म्हणतात. पन्नाशी उलटलेली, बोलली की कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा वाजल्यासारखं वाटतं. तीही स्वतःला भोंगाच म्हणवते. "नवऱ्यानं हाक मारली नसेल एवढी या नावानं मारतात," म्हणते. सुटल्यावर आम्ही वीस मिनिटं बरोबर चालतो. ती बोलते, मी मान हलवते. आवाज होता तेव्हाही असंच होतं, मध्ये शिरायला फट मिळत नसे. त्यामुळे तिलाही काही फरक पडला नव्हता.

मग एका दुपारी वीज गेली.

छत्तीस माग एका क्षणात थांबले. ती शांतता कानाला लागते, दातात वाळू आल्यासारखी. आमच्या बायका तेव्हाही ओरडूनच बोलत राहतात, सवयीनं. भोंगा डबा उघडून माझ्याशेजारी येऊन बसली.

"तुझा डबा कुठाय?"

"भूक नाही," मी म्हणाले.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मागांकडे पाहिलं, ते बंद होते. "परत बोल."

"भूक नाही म्हटलं."

तिनं करंगळी कानात घालून हलवली. दुसऱ्या कानातही घातली. डबा खाली ठेवला. तिचा चेहरा असा उतरला की मी तिचा हात धरला.

"ओठ हलतायत," ती म्हणाली, "पण येत काही नाही. गेले. माझे कान गेले."

मी जोरजोरात नाही म्हणून मान हलवली, माझ्या गळ्यावर बोट ठेवलं, स्वतःकडे दाखवलं. ती चिडली. "माझ्या कानांची रड चाललीय, तू तुझा गळा कुठे मध्ये आणतेस? ह्या बाकीच्या सटव्या बोंबलतायत ते येतंय. बारीक गेलंय. माझ्या आईचं असंच झालं, आधी बारीक गेलं, मग सगळं. माझ्या नातीचा आवाज केवढासा आहे तुला माहितेय? ती मला आजी म्हणते ते आता मी ओठांवरून वाचू?"

आणि तिनं डोळ्याला पदर लावला. एकोणीस वर्षांत मी भोंग्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी पुन्हा गळ्याकडे बोट नेलं नाही. खरं सांगू? मलाही तोवर वाटायला लागलं होतं की माझं काही विशेष नाही. चार माणसांनी रोज सांगितलं की तू रागावली आहेस, तर माणूस आपला राग शोधायला लागतो.

दोन दिवसांनी तिनं अर्धी सुटी काढली आणि मला बरोबर ओढलं. "एकटी गेले तर डॉक्टर काय म्हणतो ते मला ऐकू कसं येणार? तू ऐक आणि मला ओठांनी सांग."

मोठ्या दवाखान्यात कान, नाक आणि घसा एकाच दारामागे असतात, हे माझं नशीब. आत एक डॉक्टरबाई होत्या, डोळ्यांखाली काळं, टेबलावर गार झालेला चहा. भोंगा दारातूनच सुरू झाली.

"डॉक्टर, माझे कान गेले, ते सरळ सांगून टाका. ही माझी मैत्रीण. हिचे ओठ हलतात आणि मला एक शब्दही ऐकू येत नाही."

"मी बोलतेय ते येतंय?" डॉक्टरबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

"येतंय की."

डॉक्टरबाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. पाऊण तासानं कागदावरची वेडीवाकडी रेघ घेऊन आल्या. म्हणाल्या, "कान खराब आहेत, पण ते वीस वर्षांचं जुनं दुखणं. मागाचं. नवीन काही झालेलं नाही. माणसाचं बोलणं तुम्हाला ऐकू यायला पाहिजे."

"मग हिचं का येत नाही?"

दोघीही माझ्याकडे वळल्या. अडीच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे तसं वळलं, उत्तर माहीत नसल्यासारखं.

"तुम्ही काहीतरी बोला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"काय बोलू," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून आहे हे?"

मी बोटं दाखवली. "अडीच आठवडे?" मी नाही अशी मान हलवली आणि ओठांनी सांगितलं. भोंग्यानं मोठ्यांदा वाचलं, "महिने." आणि मग तिलाच कळलं ती काय म्हणाली ते.

"आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर आत दुर्बीण घालून बघायलाच हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टॉर्च मारून ते दिसत नाही. कोणी बघितलं होतं?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी नाकातून बारीक नळी घातली. डोळ्यांतून पाणी आलं, पण मी हलले नाही. शेजारच्या पडद्यावर माझा घसा दिसत होता, ओला, गुलाबी, आणि मध्ये दोन पांढऱ्या पट्ट्या, दाराच्या दोन फळ्यांसारख्या. "ई म्हणा." मी ई म्हटलं. उजवी फळी मधोमध आली. डावी जागची हलली नाही. अडकलेल्या बिजागरीसारखी तशीच. मधल्या फटीतून माझी सगळी हवा वाया जात होती. "परत." परत तेच. पडद्यावर बघताना मला काय वाटलं सांगू? आनंद. लाज वाटते सांगायला, पण आधी आनंद झाला. मी नाटक करत नव्हते. हे बघा, ही माझी डावी फळी, ही अबोला धरून बसलीय, मी नाही.

मग डॉक्टरबाईंनी समजावलं. या पट्ट्या हलवणारी एक नस आहे. ती डोक्यातून निघते, गळ्यातून खाली जाते, डाव्या बाजूची तर थेट छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर येते. एवढ्या लांबच्या वाटेवर तिला कुठेही काहीही दाबू शकतं. फुप्फुसातली गाठ, छातीतली फुगलेली रक्तवाहिनी, गळ्यातली गाठ. कधी साध्या तापानंतर ती लुळी पडते, कधी काहीच कारण सापडत नाही. "ओरडल्यानं पट्ट्यांवर सूज येते, गाठी येतात," त्या म्हणाल्या, "पण ओरडल्यानं नस मरत नाही. तुमचं भांडण आणि हे एका दिवशी आलं असेल, एवढंच." बोलत बोलत त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली. "घोटभर पाणी गिळा." मी गिळलं, ठसका लागला. त्यांची बोटं डावीकडे खाली थांबली. बराच वेळ थांबली.

भोंगा काही बोलली नाही. तेव्हा मला भीती वाटली.

सोनोग्राफी झाली, छातीचा फोटो झाला, गळ्यात सुई घालून पाणी काढलं. दहा दिवसांत उत्तर आलं. थायरॉइडच्या ग्रंथीचा कॅन्सर, डाव्या बाजूला, मागे नसेला चिकटलेला. डॉक्टरबाईंनी तो शब्द तोंडात न घोळवता सांगितला. म्हणाल्या, यातले बहुतेक बरे होतात. पण गाठ श्वासनळीकडे सरकतेय, वेळ घालवायचा नाही, येत्या गुरुवारी ऑपरेशन करू. घरच्यांना घेऊन या.

नवरा आला. खुर्चीत बसला आणि डॉक्टरबाईंनी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तुम्हाला सांगतो डॉक्टर, हिचा स्वभाव हट्टी. भांडण झालं तेव्हापासून..."

डॉक्टरबाईंनी पडदा त्याच्याकडे फिरवला. माझा घसा लावला. ई. उजवी आली, डावी नाही. ई. उजवी आली, डावी नाही. चार वेळा दाखवलं. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला. तो दुष्ट नाही. दुष्ट असता तर बरं झालं असतं, मला काय करायचं ते कळलं असतं.

"कॅन्सर," तो म्हणाला. "मग ऑपरेशननंतर ही बोलेल का?"

जगेल का, हे विचारलं नाही. मी वाट बघत होते, पण नाही विचारलं.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. टीव्ही चालू, पंखा चालू. नवरा, दीर, जाऊ, सासूबाई, आणि नवऱ्याचा तो दोस्त डॉक्टर फोनच्या स्पीकरवर. दोस्त म्हणत होता, "घाई कशाला? ही गाठ फार हळू वाढते. महिनाभर थांबा, माझ्या ओळखीचा एक आहे, त्याचं मत घेऊ. गळा कापायचा म्हणजे खेळ नाही." अर्थात. दोन महिन्यांपूर्वी गळ्याकडे बोट दाखवणाऱ्या बाईला ज्यानं मनाच्या गोळ्या दिल्या, त्याला महिनाभर कशाला हवा होता हे मला कळत होतं. दीर म्हणाला, "गळ्याला भोक पाडतात म्हणे." सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाच्या गळ्यावर व्रण म्हणजे..." आणि अर्ध्यावर थांबल्या, मी तिथंच बसलेय हे लक्षात आल्यासारखं.

मी बोलले. "मला करायचंय." कोणी वळलं नाही. पुन्हा बोलले. पंख्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. मी उठले, टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, फोन उचलून दोस्ताला बंद केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्यासमोर उभी राहून ओठ सावकाश हलवत सांगितलं, "गुरुवारी. ऑपरेशन. मी जाणार." शेडमधल्या कुठल्याही बाईनं ते तीस फुटांवरून वाचलं असतं. इथं चांगल्या कानांची चार माणसं हातभर अंतरावर बसली होती.

"काय म्हणते?" दिरानं विचारलं.

"चिडलीय," नवरा म्हणाला. "उद्या बोलू."

उद्या कोणी बोललं नाही. परवाही नाही. बुधवारी भरती व्हायचं होतं, आणि बुधवारी सकाळी नवरा म्हणाला, "महिनाभर थांबू या गं. सगळ्यांचं तेच मत आहे." सगळ्यांचं. मी पिशवी भरली, वही घेतली. तो दारात उभा राहिला, आडवा नाही, नुसता. मी बाजूनं निघून गेले.

भरतीच्या खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "नातेवाईक कोण आहे बरोबर?"

"मी," भोंगा म्हणाली.

"नातं काय?"

"शेजारचे चार माग."

"म्हणजे बहीण? नणंद?"

"अहो, बहिणीपेक्षा जास्त बघते मी हिला. बहीण वर्षातून दोनदा भेटते."

"नवऱ्याची सही लागेल."

भोंग्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार, कारण डॉक्टरबाईच वर आल्या. त्यांनी कारकुनाला सांगितलं, "पेशंट शुद्धीवर आहे, सज्ञान आहे. सही पेशंटची. साक्षीदार या बाई." मग मला बाजूला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या, कान माझ्या तोंडाजवळ आणून.

"डावी नस गाठीत गुंतलेली असली तर मी ती कापणार," त्या म्हणाल्या. "मेलेल्या नसेसाठी कॅन्सर आत ठेवणार नाही. म्हणजे तुमचा आधीचा आवाज परत येणार नाही. नंतर त्या पट्टीला इंजेक्शन देऊन मध्ये सरकवता येते, त्यानं बरंच सुधारतं, पण तो आवाज वेगळा असेल. आणि संपूर्ण ग्रंथी काढायची म्हणजे उजवीकडेही हात घालावा लागणार. उजव्या नसेला धक्का लागला तर दोन्ही पट्ट्या मिटतील आणि श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागेल. शक्यता कमी आहे. पण आहे. त्याचीही सही आत्ताच लागते."

"लवकर आले असते तर?" मी विचारलं.

"गाठ लहान असती. नस कदाचित सोडवता आली असती. कदाचित."

कदाचित. भोंगा समोर उभी होती आणि तिनं, आयुष्यात पहिल्यांदाच, आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हटलं, "मी आहे." मी दोन्ही कागदांवर सही केली.

शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा हात गळ्याकडे नेला. पट्टी होती, नळी होती रक्त काढायची, पण भोक नव्हतं. हवा नाकातून येत होती. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. उजवी हलतेय. डावी नस कापावी लागली. शेजारच्या दोन गाठींतही कॅन्सर सापडला, म्हणजे पुढे आयोडीनचं औषध, काही दिवस एकटीनं बंद खोलीत. आणि मग दर सहा महिन्यांनी तपासणी. "आत्ता तरी सगळं निघालंय," त्या म्हणाल्या. 'आत्ता तरी' हे शब्द त्यांनी मुद्दाम ठेवले आणि मला ते आवडलं. गोड बोलून माझी समजूत काढणारी माणसं मला घरी भरपूर आहेत.

मुलगी रात्रीच्या गाडीनं आली. माझा पाय धरून बसून राहिली, म्हणाली, "मी फोन पाठवला, आई. मी फोन पाठवला." मी तिच्या केसांतून हात फिरवला. तिला मी माफ केलं, ती दूर होती. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर नवरा आला. खाटेशी उभा राहिला, दाढी वाढलेली, हातात फळांची पिशवी. बसावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

"कसं वाटतंय?"

मी सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही. त्यानं भोंग्याकडे बघितलं. "काय म्हणते?"

"म्हणते," भोंगा म्हणाली, आणि वॉर्डातल्या बारा खाटा वळल्या, "तीन महिने तुम्ही दोन हातांच्या अंतरावर झोपत होतात. एकदा कान जवळ आणला असतात तर कळलं असतं."

"हळू बोला," नवरा म्हणाला.

"मला हळू येत नाही. अजून आहे. सगळं सांगू?"

मी तिला थांबवलं. दया म्हणून नव्हे. दमले होते, आणि उरलेलं मला स्वतः सांगायचं होतं, सावकाश, जेव्हा श्वास पुरेल तेव्हा. नवरा स्टुलावर बसला. त्याचे डोळे भरले. रडू दे, म्हटलं. माझ्याकडे त्याला गप्प करायचा आवाज नव्हता आणि इच्छाही नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी घरी सोडणार होते. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती, भोंगा पाळीवर. नवऱ्यानं पिशवी खांद्याला लावली होती. नर्स सुटीचा कागद घेऊन आली आणि कागदावर बघतच विचारत गेली. ताप? जेवण? जखमेतून पाणी?

"नाही, काही नाही," नवरा म्हणत गेला. "जेवते व्यवस्थित. छान आहे आता."

"बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात?"

"नाही नाही. तसलं काही नाही तिला."

सकाळपासून माझी बोटं बधिर होती. ओठांवर मुंग्या चालत होत्या. मला वाटलं होतं, अशक्तपणा असेल, घरी जाऊन पडलं की जाईल. घरी जायची घाई मलाही झाली होती. आणि कोणी विचारतंय हे ऐकून बरं वाटलं, तोवर उत्तर देऊनही झालं होतं. नर्सनं कागदावर खूण करायला पेन टेकवलं.

मी छातीत मावेल तेवढी हवा भरली. टाक्यांना ताण बसला. नर्सची बाही धरली आणि सगळी हवा एका शब्दात सोडली.

"येतायत."

फुसफुसच होती. पण नर्सनं मान वर केली. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. खाली वाकली, बोटांची टोकं दाबून बघितली, कानासमोर गालावर दोन बोटांनी टकटक केलं. माझा ओठ आपोआप उडाला. तिनं सुटीचा कागद मधोमध घडी करून खिशात घातला.

"कॅल्शियम उतरलंय. आज जायचं नाही. आत्ता रक्त घेते आणि सलाइन लावते." मग नवऱ्याकडे वळली. "असंच घरी नेलं असतंत तर संध्याकाळी झटके आले असते. यापुढे त्यांना विचारलेलं त्यांना सांगू द्या."

"अहो, खाली गाडी थांबलीय," नवरा म्हणाला.

"मग गाडीला जायला सांगा."

तो पिशवी खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. मी चपला काढल्या आणि परत खाटेवर चढले.